सायन्स-आर्ट्सवाल्यांनी अकाउंट्समध्ये कसं शिरायचं

कॉमर्स नाही केलं म्हणून अकाउंट्स जमणार नाही असं रत्नागिरी-चिपळूणकडे बऱ्याच पोरांना वाटतं, पण तसं काही नाहीये. बारावी कुठल्याही शाखेची असली तरी सीए फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) देता येते, आणि ग्रॅज्युएट असाल तर कॉमर्सला ५५ टक्के, बाकीच्यांना ६० टक्के असले की थेट इंटरमीडिएट (दुसरी परीक्षा), मग तिचे दोन्ही ग्रुप (विषयांचे गट) पास करून २ वर्षं आर्टिकलशिप (सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम).

सीए नकोच असेल, किंवा घरची बाग-होडी सांभाळून शिकायचं असेल, तर आधी डेबिट-क्रेडिट हाताने वहीत लिहून पक्कं करा, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर नंतर (उलटं करणारे बटणं दाबतात पण ताळेबंद जुळला नाही की अडकतात). मग गावातल्याच टॅक्सवाल्याकडे बसा, पगार कमी मिळेल पण आंबा व्यापारी, मच्छीवाले, होमस्टेवाले सगळ्यांची बिलं हाताखालून जातात. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), २० ला ३बी (कर भरायचं विवरणपत्र), तिमाहीवाल्यांचं वेगळं, हे चक्र एक वर्ष सांभाळलंत की पुढची नोकरी मागताना सांगण्यासारखं काहीतरी असतं.

आणि हो, एक्सेल शिकाच, ते टाळून चालत नाही.