ट्रिमर आणि फर्मा: पहिला चॉपिंग बोर्ड कसा करायचा

सनमायकाच्या कडा मारायला सुताराकडे जे छोटं मशीन असतं ते ट्रिमर, म्हणजे राउटरच (वेगाने फिरणाऱ्या बिटने, म्हणजे पात्याने, लाकूड कापणारं मशीन), फक्त हातात मावणारा. नवीन माणसाने सुरुवात यानेच करावी असं माझं मत आहे, मोठा अर्ध्या इंचाच्या कॉलेटचा (कॉलेट म्हणजे बिटचा दांडा पकडणारा भाग) राउटर जड असतो, सुरू करताना हाताला झटका देतो आणि छोट्या कामाला तो लागतही नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, राउटर स्वतः आकार बनवत नाही, फर्म्याची, म्हणजे आधी हाताने करून घेतलेल्या साच्याची, कॉपी मारतो. फर्म्याच्या कडेला बारीकसा खड्डा असेल तर तो जसाच्या तसा सागवानात उतरणार. त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळ फर्म्यावर घालवा, मशीनचं काम त्यामानाने पटकन होतं.

फर्म्यासाठी 12 मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घ्या, हार्डवेअरच्या दुकानात कटपीस स्वस्तात मिळतो. प्लायपेक्षा हा बरा, कारण प्लायच्या कडेला मध्येच पोकळी निघते आणि बिटवरचं बेअरिंग, जे फर्म्याच्या कडेला टेकून चालतं, ते त्यात घसरतं. समजा 300 बाय 200 मिमीचा बोर्ड, कोपरे गोल आणि एका टोकाला हात घालायला लांबट भोक. कोपऱ्यांसाठी वाटी किंवा डब्याचं झाकण ठेवून पेन्सिल फिरवा, जिगसॉने रेषेच्या बाहेरून कापा आणि मग रेषेपर्यंत कानस, नंतर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर. भोकासाठी दोन टोकांना 25 मिमीची दोन भोकं पाडायची, मधला भाग जिगसॉने काढायचा आणि कानशीने सरळ करायचा. झालं की डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा, डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लगेच कळतो.

आता बिट. दुकानात दोन प्रकार मिळतात, एकाचं बेअरिंग खाली टोकाला, एकाचं वर दांड्याकडे. वर बेअरिंगवाला घ्या, त्याला पॅटर्न बिट म्हणतात, यात फर्मा लाकडाच्या वर असतो त्यामुळे बेअरिंग कुठे टेकलंय ते दिसतं. आणि पात्याची लांबी 12 मिमीच्या आसपासच घ्या, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. 25 मिमी लांब पातं घेतलं तर बेअरिंग फर्म्यावर टेकवेपर्यंत पातं लाकडात खूप खोल गेलेलं असतं, थोडं थोडं कापता येतच नाही. अजून एक, दांडा 6 मिमीचा आहे की 6.35 चा, म्हणजे पाव इंची, ते कॉलेटशी जुळवून घ्या. 6 चा दांडा पाव इंची कॉलेटमध्ये "बसतो", पण चालू मशीनमध्ये सरकून बाहेर येतो, आणि ट्रिमर मिनिटाला 30 हजारांच्या आसपास फेरे मारतो हे लक्षात असू द्या. बिट बदलताना प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद असून चालत नाही. बिट पूर्ण आत ढकला, मग 2 मिमी वर ओढा आणि घट्ट करा.

लाकूड वखारीतून रंधा मारूनच आणा, साधारण 6 सूत, म्हणजे पाऊण इंच, जाडीचं सागवान. त्यावर फर्मा ठेवून आखा आणि जिगसॉने रेषेच्या बाहेर 2 मिमी सोडून कापा, आतल्या भोकाचंही तसंच. हे टाळून सगळं लाकूड ट्रिमरनेच खायला लावलं की मशीन तापतं, लाकूड जळून काळं पडतं आणि कोपऱ्यावर टवका उडतो.

फर्मा चिकटवायची सोपी युक्ती म्हणजे फर्म्याला मास्किंग टेप, लाकडाला मास्किंग टेप आणि दोन टेपांच्या मध्ये फेविक्विकचे थेंब. घट्ट बसतं आणि काम झाल्यावर सोलून निघतं, लाकडाला डाग नाही. बोर्ड टेबलाला सी-क्लॅम्पने आवळा, कडा टेबलाच्या बाहेर राहील असा. एक बाजू झाली की मशीन बंद करून क्लॅम्प हलवायचा, कंटाळा आला तरी.

दिशा फार महत्त्वाची. वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून बाहेरच्या कडेने मशीन त्याच्या उलट न्यायचं. देवळात घालतो ती प्रदक्षिणा आठवा, बाहेरच्या कडेला उलटी प्रदक्षिणा, आतल्या भोकात सरळ. चुकीच्या दिशेने गेलात तर बिट लाकूड पकडून पुढे पळतो आणि मशीन हातातून ओढलं जातं.

मशीन हवेत सुरू करा, पूर्ण वेग आला की मगच लाकडाला लावा. पहिल्या फेरीत फक्त बेअरिंग फर्म्यावर नीट टेकेल इतकंच खोल, म्हणजे लाकडात साधारण 4-5 मिमी, मग दर फेरीला 3 मिमी वाढवत जा. बेअरिंग फर्म्याच्या तळाशी पोचलं की फर्मा काढून टाका, आता ते वर कापलेल्या लाकडाच्याच भिंतीवर चालेल. मशीनचा अर्धा बेस हवेत असतो, म्हणून वजन नेहमी फर्म्यावर असलेल्या अर्ध्यावर द्या, नाहीतर मशीन कलतं आणि कडेला खाच पडते. आधी लाकडाच्या रेषा जिथे आडव्या कापल्या जातात त्या दोन्ही टोकांच्या कडा मारा आणि मग लांब बाजू, म्हणजे टोकाला उडालेले बारीक टवके लांब बाजू मारताना निघून जातात. आवाज जड झाला तर जास्त खाताय, काळे डाग पडायला लागले तर एकाच जागी रेंगाळताय किंवा बिटवर राळ जमलीय.

गॉगल, कानात प्लग आणि मास्क, एमडीएफचा भुसा फारच बारीक असतो. हातमोजे मात्र नकोत, ओढणी आणि सैल बाह्याही नकोत. बटण बंद केल्यावर बिट थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही.

शेवटी 3 मिमीचा राउंडओव्हर (कडा गोल करणारा) बिट लावून दोन्ही बाजूंच्या कडा मारा, भोकाच्या आतूनही, हाताला टोचत नाही. मग 120, 180, 240 नंबरचे पॉलिश पेपर. पॉलिश किंवा टचवूड अजिबात नको, सुरी चालली की ते निघून भाजीत येतं. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन कापडाने चोळा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसून दुसरा हात.

फर्मा टाकू नका, त्यावर पेनने बिटचा साइज लिहून भिंतीला टांगा. पुढचा बोर्ड करायला निम्माही वेळ लागणार नाही, आणि घरात एक दिसला की मावशी-काकू ऑर्डर देतातच.