गोप्रो मध्येच बंद पडतो? नवी बॅटरी घ्यायच्या आधी हे तपासा

कॅमेरा बंद पडला की दोष पहिला बॅटरीच्या माथी जातो. प्रत्यक्षात उष्णता आणि कार्ड यांचाच वाटा मोठा. म्हणून पुढच्या वेळी तीन गोष्टी टिपून ठेवा: किती मिनिटांनी बंद पडला, स्क्रीनवर काय आलं होतं आणि शेवटची फाइल उघडते का. इथली माहिती गोप्रोची हीरो ९ ते १२ ही मॉडेल्स धरून आहे.

आधी सेटिंग बघा, कारण कधी कधी बिघाड नसतोच. क्विककॅप्चर चालू असेल तर शटर एकदा दाबल्यावर रेकॉर्डिंग सुरू होतं, दुसऱ्यांदा दाबल्यावर थांबून कॅमेराही बंद होतो. हातमोजे घालून चुकून दोनदा दाबलं गेलं की झालं! ड्युरेशन ठरवून ठेवलं असेल तर तेवढ्या वेळाने रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. ऑटो पॉवर ऑफ मात्र नुसत्या पडून राहिलेल्या कॅमेऱ्याला बंद करतो, चालू रेकॉर्डिंगला हात लावत नाही.

आता उष्णता. हेल्मेटवरचा कॅमेरा घाटात तासभर मुकाट चालतो आणि सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली की पाच-दहा मिनिटांत तापमानाचा इशारा देऊन बंद होतो, कारण त्याला थंड ठेवणारा वारा थांबलेला असतो. घरात ट्रायपॉडवर लावला की तेच. ५.३के ६० किंवा ४के १२० वरून ४के ३० वर या (पहिला आकडा चित्राच्या बारकाव्याचा, दुसरा सेकंदाला किती फ्रेम त्याचा), पुढची स्क्रीन बंद करा, मागची १ मिनिटात विझेल असं ठेवा, वाय-फाय आणि जीपीएस बंद करा (हीरो १२ मध्ये जीपीएस नाहीच). सिग्नलला रेकॉर्डिंग थांबवायची सवय सगळ्यांत उपयोगी. तापलेला कॅमेरा फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर लेन्सच्या आत बाष्प धरतं.

कार्डाची लक्षणं वेगळी. कॅमेरा हाताला गार लागतो, बॅटरी भरपूर असते, तरी कार्डाची चूक दाखवून रेकॉर्डिंग थांबतं किंवा सगळंच गोठतं. गोठलाच तर मोडचं बटण १० सेकंद दाबून धरा. या कॅमेऱ्यांचा सर्वांत जास्त बिटरेट, म्हणजे कार्डावर डेटा लिहिण्याचा वेग, सेकंदाला १२० मेगाबिट, म्हणजेच १५ मेगाबाइट. व्ही३० छापलेलं कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितं, म्हणजे कागदावर दुप्पट जागा आहे. पण नकली किंवा झिजलेलं कार्ड मध्येच क्षणभर अडकतं आणि तेवढ्यात कॅमेऱ्याचा बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) भरतो. नवं कार्ड घेतल्या घेतल्या संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू (h2testw) या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. १२८ जीबी छापलेलं कार्ड खरं ३२ चं निघालं तर तिथेच कळतं. वापरातल्या कार्डावरचं चित्रण आधी उतरवून घ्या, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा: प्रेफरन्सेस, रीसेट, फॉरमॅट एसडी कार्ड. लॅपटॉपवर एकेक फाइल पुसणं म्हणजे फॉरमॅट नव्हे. बंद पडल्यावर पुन्हा चालू करताना फाइल दुरुस्तीचं चिन्ह दिसलं तर ते संपेपर्यंत बॅटरी काढू नका.

बॅटरीचा नंबर आता. कसलाही इशारा न देता, ३०-४० टक्के दिसत असताना गपकन बंद झाला तर संशय तिच्यावर. ती सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर फुगली आहे. ती पुन्हा कॅमेऱ्यात कोंबू नका, ई-कचऱ्यात द्या. खड्ड्यातच बंद पडत असेल तर रेकॉर्डिंग चालू ठेवून कॅमेरा तळहातावर हलकेच आपटून बघा. बंद झाला तर संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा आणि बॅटरीचं दार पुरतं बसतंय का बघा. लडाखला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: थंडीत लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, भार पडताच व्होल्टेज कोसळतं. जादाच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, शक्यतो गोप्रोची थंडीत चांगली टिकणारी पांढरी एंड्युरो बॅटरी वापरा. हीरो १३ ची बॅटरी यांत बसत नाही.

एवढं करूनही बंद पडतोच? फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, तपासलेलं कार्ड आणि पूर्ण भरलेली दुसरी बॅटरी घाला, १०८०पी ३० लावा आणि पंख्यासमोर अर्धा तास रेकॉर्ड करा. तिथेही थांबला तर दोष आतल्या बोर्डात असण्याची शक्यता मोठी. बंद पडतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा आणि प्रेफरन्सेसमधल्या कॅमेरा इन्फोतून सीरियल नंबर उतरवून घ्या. सर्व्हिसवाले हे दोन्ही मागू शकतात.