मणक्याचा स्टेनोसिस: 'दुखणं कमी झालं' म्हणून गाफील राहू नका

शिवाजी पार्कची एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. दोन वर्षांपूर्वी मी ती न थांबता मारायचे. मग एकदा कट्ट्यावर टेकावं लागलं, पुढे तीनदा. कंबर मात्र पूर्वीपेक्षा कमी दुखत होती, म्हणून विचारेल त्याला 'आता बरं आहे' सांगायचे. बरं कसलं? दुखण्याच्या जागी बधिरपणा आला होता.

एका संध्याकाळी घरात शिरले तर मागून हे म्हणाले, "अगं, तुझी एक चप्पल दाराबाहेरच राहिलीय." पायातून चप्पल निसटली आणि मला पत्ताही नाही! त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

'मणक्यात गॅप आलाय' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. इथे तक्रार उलटी आहे: जागाच उरत नाही. वयाबरोबर दोन मणक्यांमधली चकती फुगते, सांधे आणि आतला अस्थिबंध (लिगामेंट) जाडावतो, आणि नसा जातात ती पोकळी अरुंद होते. यालाच स्टेनोसिस म्हणतात. कमरेत बहुतेकदा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये. ताठ उभं राहिलं, मागे वाकलं की ती आणखी आवळते. बसलं, पुढे झुकलं की सैलावते. म्हणून दादरच्या मंडईत भाजीच्या गाडीवर ओणवं होऊन मेथी निवडताना पाय शांत असतात, आणि पैसे देऊन सरळ उभं राहिलं की पोटऱ्या भरून येतात. स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना तितका त्रास नाही, उतरताना जास्त.

हे माहीत नसताना मी भुजंगासन करत होते. तेही रोज, तीन आठवडे, कारण शेजारणीची कंबर त्याने बरी झाली होती. तिची चकती सरकली होती, माझं दुखणं वेगळं. मागे वाकण्याचे व्यायाम स्टेनोसिसमध्ये बहुतेकांना त्रासच देतात. फिजिओथेरपिस्टने मला गुडघे छातीशी घेणं, पोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि जागेवरची सायकल दिली. सायकलवर आपण पुढे झुकलेलो असतो, त्यामुळे ती सोसते.

दिवसभर कमरेला पट्टा बांधून बसू नका, स्नायू आळशी होतात. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेणं तर नकोच. मूत्रपिंड, पोट, रक्तदाब सगळ्यावर बेततं. आणि चालणं सोडू नका. पाय भरून यायच्या आधीच बसा, मग पुन्हा चाला.

मोजायचं असेल तर दुखणं नको, चालणं मोजा. आठवड्यातून एकदा, त्याच रस्त्यावर, बसावं लागेपर्यंत किती मिनिटं गेली ते कॅलेंडरवर लिहा. वीसाची बारा आणि बाराची सात झाली, तर कंबर कितीही गप्प असली तरी डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. भिंतीला हात लावून टाचांवर चालून बघा. एका पायाचा चवडा उचलत नसेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

पायाची प्रत्येक तक्रार मणक्याच्या माथी मारणं, हीही चूकच. नुसतं उभं राहून पोटरी शांत होत असेल, बसावं लागत नसेल, तर रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. मधुमेह असेल तर तळपायांच्या मुंग्या त्याच्याही असू शकतात. ब्लाउजची हुकं लावता येईनात, अक्षर बिघडलं, चालताना झोक जायला लागला, तर कमरेचा एमआरआय बघून समाधान मानू नका. मानेत मज्जारज्जू दबत असेल.

आता जी लक्षणं सांगायला बायका लाजतात आणि पुरुष प्रोस्टेटवर ढकलतात ती. लघवी अडकणं किंवा कळत नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद अचानक उतरणं. यातलं एकही नव्याने दिसलं तर सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही. तासांत उपचार झाले नाहीत तर हे नुकसान कायमचं राहू शकतं. रात्र असली तरी न्यूरोसर्जरी असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. परळचं केईएम, सायन अशी पालिकेची रुग्णालयं आहेत. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. जुना एमआरआय आणि चालू गोळ्यांची यादी सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. मी हे सगळं एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीला टांगलंय, चपलांच्या वरच.