लहान व्यवसायाचे बोधचिन्ह ट्रेडमार्कने कसे सुरक्षित करावे

बोधचिन्हाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करायची ठरली की बहुतेक लहान व्यावसायिक थेट अर्जाकडे वळतात. खरे तर अर्ज भरणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. नोंदणीमुळे जे चित्र दाखल केले नेमके तेच, ज्या वस्तूंसाठी व सेवांसाठी दाखल केले त्यांच्या संदर्भात, आणि ज्या देशात दाखल केले त्या देशाच्या हद्दीपुरते सुरक्षित होते. म्हणून काय नोंदवायचे, कोणाच्या नावावर नोंदवायचे आणि कशासाठी नोंदवायचे, हे तीन निर्णय आधी विचारपूर्वक घेतले नाहीत, तर हाती आलेले प्रमाणपत्र वाद उभा राहिल्यावर अपुरे पडते.

कंपनीची नोंदणी झाली, संकेतस्थळाचे नाव घेतले, व्यवसायाचा परवाना मिळाला, म्हणजे नाव आणि चिन्ह आपले झाले, हा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. कंपनी नोंदवणारे कार्यालय साधारणपणे कंपनीचे नाव कंपन्यांच्या यादीत दुसऱ्या कोणाचे आहे का एवढेच पाहते. बाजारात त्याच प्रकारच्या मालावर कोणाचे मिळतेजुळते चिन्ह आहे, याच्याशी त्याचा सहसा संबंध नसतो.

चित्राची मालकी

बोधचिन्ह हे एकाच वेळी ट्रेडमार्क आणि कलाकृती असते, आणि कलाकृती म्हणून त्यावर कॉपीराइट असतो. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातून रुजलेल्या तत्त्वानुसार हा हक्क कोणत्याही नोंदणीविना, कृती निर्माण होताच मिळतो, आणि तो मुळात मिळतो ती कृती घडवणाऱ्याला. पगारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून चित्र काढले असेल, तर अनेक देशांत हक्क मालकाकडे जातो. परंतु स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरकडून चिन्ह करून घेतले असेल, तर पूर्ण मोबदला दिल्यानेही हक्क आपोआप आपल्याकडे येतोच असे नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरपत्र हवे. चिन्हाच्या अंतिम रूपाबरोबर त्याची कच्ची रूपे, रंगभेद आणि मूळ फायली यांचे सर्व हक्क कायमस्वरूपी सोपवले आहेत आणि हे चिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्यास डिझायनरची हरकत नाही, अशी स्पष्ट वाक्ये त्यात असावीत. मैत्रीखातर काढून दिलेल्या चित्रासाठीही हे पत्र घ्यावे. संबंध चांगले असतात तेव्हाच सही सहज मिळते.

तयार चित्रांच्या संग्रहातून किंवा लोगो बनवणाऱ्या साधनातून घेतलेल्या आकृतीबाबत अधिक सावध राहावे लागते. अशा संग्रहांचा परवाना सहसा अनन्य नसतो, म्हणजे तीच आकृती उद्या दुसरा कोणीही वापरू शकतो, आणि अनेक परवान्यांमध्ये ती ट्रेडमार्क म्हणून वापरण्यास उघड मनाई असते. संगणकाने आपोआप निर्माण केलेल्या चित्राचीही वेगळी अडचण आहे. अमेरिकेचे कॉपीराइट कार्यालय मानवी निर्मितीशिवाय कॉपीराइट मान्य करत नाही, त्यामुळे तिथे अशा चित्रामागे फक्त ट्रेडमार्कचे बळ उरते. व्यवसायाला आयुष्यभर पुरणारे चिन्ह हवे असेल, तर ते माणसाकडून, नव्याने आणि लेखी कराराने करून घेण्यावर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हा प्रश्नही इथेच सोडवावा. भागीदारीत एका भागीदाराने आपल्या व्यक्तिगत नावावर चिन्ह नोंदवले आणि पुढे भागीदारी तुटली, तर व्यवसाय एकाकडे आणि चिन्ह दुसऱ्याकडे अशी अवस्था होते. जी व्यक्ती किंवा संस्था प्रत्यक्ष व्यवसाय करते तिच्याच नावाने अर्ज करावा. काही कारणाने मालक वेगळा ठेवायचा असेल, तर वापराचा परवाना लेखी करून ठेवावा.

नाव आणि चित्र: एकत्र की वेगळे

समजा, एक व्यवसाय हाताने बनवलेले साबण आणि मेणबत्त्या विकतो, आणि त्याच्या चिन्हात वर्तुळात उभा असलेला बगळा व त्याखाली व्यवसायाचे नाव आहे. हे सगळे एकत्र नोंदवले, तर संरक्षण प्रामुख्याने त्या एकत्रित रचनेला मिळते. उद्या कोणी वेगळे चित्र लावून तेच नाव वापरले, किंवा वेगळ्या नावाशेजारी तसाच बगळा उभा केला, तर साम्य सिद्ध करणे अवघड होते. साध्या अक्षरांतले नाव स्वतंत्रपणे नोंदवले, तर ते कोणत्याही अक्षरवळणात आणि कोणत्याही चित्रासोबत सुरक्षित राहते, आणि चित्र पुढे बदलले तरी त्या नोंदणीला धक्का लागत नाही. शक्य असल्यास नाव आणि चित्र यांचे दोन वेगळे अर्ज करावेत. एकाच अर्जाचा खर्च झेपत असेल आणि नाव वेगळे व ठसठशीत असेल, तर आधी नाव नोंदवावे. नाव वर्णनात्मक, म्हणजे मालाचेच वर्णन करणारे, असल्यामुळे नाकारले जाण्याची शक्यता असेल, तेव्हा चित्रासहचा अर्ज हा व्यवहार्य मार्ग ठरतो. मात्र तशा नोंदणीने त्या वर्णनात्मक शब्दावर मक्तेदारी मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

रंगांचा निर्णयही असाच आहे. अनेक ठिकाणी कृष्णधवल नोंदणीला व्यापक मानण्याची प्रथा राहिली आहे, परंतु युरोपातील कार्यालयांनी २०१४ साली स्वीकारलेल्या सामाईक पद्धतीनुसार कृष्णधवल चिन्ह आपोआप सर्व रंगांना व्यापत नाही. रंग हीच चिन्हाची ओळख असेल, तर रंगीत रूप नोंदवावे. तसे नसेल, तर कृष्णधवल पुरेसे होते.

चिन्ह वेगळे ओळखू येणारे असणे ही नोंदणीची मूळ अट आहे. साबणावर बुडबुडे किंवा मेणबत्तीवर ज्योत काढणे म्हणजे मालाचेच चित्र काढणे होय, आणि ते एका विक्रेत्याला आंदण देता येत नाही. साबणाशी काहीही नाते नसलेला बगळा मात्र याच कारणाने बलवान चिन्ह ठरतो. साधे वर्तुळ, चौकोन किंवा एकच रेघही सहसा नाकारली जाते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १८७६ रोजी नोंदवला गेलेला पहिला ट्रेडमार्क बास या मद्यनिर्मिती कंपनीचा लाल त्रिकोण होता हे खरे, पण नव्या व्यवसायाने इतक्या साध्या आकृतीवर विसंबू नये. औद्योगिक संपदेविषयीच्या आंतरराष्ट्रीय पॅरिस करारातील तरतुदीनुसार राष्ट्रध्वज, राजचिन्हे आणि आंतरराष्ट्रीय संघटनांची चिन्हे परवानगीविना नोंदवता येत नाहीत. रेड क्रॉसचे चिन्ह जिनिव्हा करारांनी आणि ऑलिंपिकची पाच वर्तुळे १९८१ च्या नैरोबी कराराने संरक्षित केली आहेत, म्हणून आरोग्याशी संबंधित व्यवसायाने लाल क्रॉस तर मुळीच वापरू नये.

शोध

अर्जापूर्वीचा शोध लोक उरकून टाकतात, आणि बहुतेक नकार व हरकती इथेच टाळता आल्या असत्या. इंटरनेटवर एकदा चित्र शोधून काही मिळाले नाही, म्हणजे शोध झाला असे नव्हे. आपल्या देशाच्या ट्रेडमार्क कार्यालयाची नोंदवही आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा विनामूल्य जागतिक ब्रँड संग्रह या दोन्ही ठिकाणी शोध घ्यावा. चित्रे शोधण्यासाठी १९७३ च्या व्हिएन्ना कराराने आखलेले आकृतींचे वर्गीकरण उपयोगी पडते. त्यात प्राण्यांचा गट ३ असून पक्षी ३.७ मध्ये येतात, भौमितिक आकृत्यांचा गट २६ असून वर्तुळे २६.१ मध्ये येतात. बगळ्याच्या चिन्हासाठी हे दोन्ही क्रमांक एकत्र घालून पाहिले, की वर्तुळात पक्षी असलेली चिन्हे समोर येतात.

इथे एक गोष्ट सहज निसटते. साम्य केवळ दिसण्यातच नव्हे, तर उच्चारात आणि अर्थातही तपासले जाते. त्यामुळे कोणी साबणासाठी बगळा या अर्थाचा शब्द आधीच नोंदवलेला असेल, तर त्यात एकही चित्र नसूनही तो आपल्या चित्राच्या आड येऊ शकतो. म्हणून चित्रात जे दिसते त्याचे नाव, त्याचे समानार्थी शब्द आणि ग्राहकांना परिचित असलेल्या इतर भाषांतील प्रतिशब्द यांचाही शोध घ्यावा. दोन चिन्हे शेजारी ठेवून बारीक फरक मोजू नयेत. ग्राहक ती आठवणीतून, घाईत पाहतो, आणि कार्यालयात अर्ज तपासणारा परीक्षकही त्याच नजरेने पाहतो. शोधात मिळालेल्या चिन्हांची दिनांकासह नोंद ठेवावी. जवळचे चिन्ह सापडले, तर या टप्प्यावर चित्र बदलण्याचा खर्च छापील वेष्टने आणि पाट्या तयार झाल्यानंतरच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी असतो.

वर्ग आणि अर्ज

चिन्ह कशासाठी नोंदवायचे हे अर्जात वर्गांनुसार सांगावे लागते. त्यासाठी १९५७ च्या नीस या आंतरराष्ट्रीय करारानुसार वस्तूंचे ३४ आणि सेवांचे ११ असे एकूण ४५ वर्ग आहेत. आपल्या उदाहरणात साबण वर्ग ३ मध्ये, मेणबत्त्या वर्ग ४ मध्ये आणि साबण बनवण्याचे प्रशिक्षण देत असल्यास ती सेवा वर्ग ४१ मध्ये जाते. इतरांचा माल आपल्या दुकानातून विकत असल्यास वर्ग ३५ चा विचार करावा लागतो. प्रत्येक वर्गागणिक शुल्क वाढते, म्हणून आज जे विकतो आणि नजीकच्या काळात जे विकण्याचा खरा हेतू आहे तेवढेच घ्यावे. यादी फार रुंद केली, तर न वापरलेल्या मालापुरती नोंदणी पुढे रद्द होऊ शकते. उलट ती फार अरुंद ठेवली, तर अर्ज दाखल झाल्यावर तीत नव्या वस्तू वाढवता येत नाहीत.

अर्जात चित्राची स्वच्छ प्रत, मालकाचा तपशील, वस्तू व सेवांची यादी आणि मागितल्यास पहिल्या वापराचा दिनांक द्यावा. हा दिनांक अंदाजाने लिहू नये. काही देशांत आधी वापरणाऱ्याचा हक्क वरचढ ठरतो, तर अनेक देशांत आधी अर्ज करणाऱ्याचा. आपण कोणत्याही व्यवस्थेत असलो, तरी दिनांकित बिले, वेष्टनांची छायाचित्रे, जाहिराती आणि संकेतस्थळाची पाने पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत. वापर अजून सुरू झाला नसेल, तरी बहुतेक ठिकाणी अर्ज करता येतो, आणि तो चिन्ह जाहीर करण्याआधीच केलेला बरा.

पुढे परीक्षक आक्षेप घेऊ शकतो. आक्षेप म्हणजे अंतिम नकार नव्हे. उत्तराची मुदत पाळून, मालाची यादी आवश्यक तेथे कमी करून किंवा चिन्हांतील फरक आणि वापराचा पुरावा मांडून त्याला उत्तर देता येते. गुंतागुंतीच्या आक्षेपासाठी ट्रेडमार्क वकिलाचा सल्ला घेणे योग्य ठरते. सर्वसाधारणपणे अर्ज मान्य झाल्यावर तो प्रसिद्ध होतो आणि इतरांना हरकत घेण्यासाठी मुदत दिली जाते. ती अमेरिकेत ३० दिवसांची, युरोपीय संघात ३ महिन्यांची, तर भारतात ४ महिन्यांची आहे. अर्ज प्रसिद्ध होताच सरकारी भासणारी, भरमसाट शुल्क मागणारी पत्रे येऊ लागतात. यांपैकी बरीच फसवी असतात, म्हणून कार्यालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा आपल्या वकिलाकडे खात्री केल्याखेरीज पैसे भरू नयेत.

इंग्रजी टीएम ही अक्षरे नोंदणीपूर्वीही सहसा लावता येतात, परंतु वर्तुळातले आर हे नोंदणी झाल्यानंतर आणि नोंदणी असलेल्या देशातच लावावे. नोंदणी नसताना ते लावणे अनेक देशांत गुन्हा आहे.

देशाबाहेर माल पाठवायचा असल्यास पॅरिस करारातील ६ महिन्यांचा अग्रक्रम ध्यानात ठेवावा. पहिल्या अर्जापासून ६ महिन्यांत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केला, तर तिथेही पहिल्याच अर्जाचा दिनांक धरला जातो. आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क नोंदणीच्या माद्रिद व्यवस्थेतून एकाच अर्जाद्वारे शंभराहून अधिक देशांपैकी हवे ते निवडता येतात, मात्र पहिली ५ वर्षे ही आंतरराष्ट्रीय नोंदणी मूळ देशातील नोंदणीवर अवलंबून असते. मूळ रद्द झाली, तर तीही कोसळते. परदेशी वितरकाशी करार करण्यापूर्वीच तिथे अर्ज करावा, कारण वितरकाने चिन्ह स्वतःच्या नावावर नोंदवले, तर पॅरिस करार दाद मागण्याचा हक्क देतो खरा, पण ती लढाई वेळखाऊ असते.

नोंदणीनंतर

बहुतेक देशांत नोंदणी १० वर्षांची असते आणि तिचे कितीही वेळा नूतनीकरण करता येते. मुदत हुकली, तरी शुल्क भरण्यासाठी किमान ६ महिन्यांची सवलत पॅरिस करारानुसार मिळते, तिच्यासाठी अधिभार भरावा लागू शकतो. सलग काही वर्षे, बहुधा ३ किंवा ५, चिन्ह वापरले नाही, तर कोणीही ते रद्द करण्याची मागणी करू शकतो. म्हणून वर्षातून एकदा वापराचे पुरावे एकत्र करून ठेवावेत आणि त्याच वेळी नव्याने प्रसिद्ध झालेल्या अर्जांत आपल्या चिन्हासारखे काही आहे का, हेही पाहावे. कार्यालय आपल्या वतीने नक्कल करणाऱ्यांचा पाठपुरावा करत नाही. नक्कल आढळली, तर आधी पुरावा जमवावा, मग नोटीस द्यावी. विक्रीच्या ऑनलाइन मंचांवर तक्रार करताना बहुधा नोंदणी क्रमांकच मागितला जातो.

चिन्हाचे रूप कालांतराने बदलावेसे वाटते. अक्षरांची जाडी किंवा रेघांची ठेवण थोडी बदलली, पण चिन्हाची ओळख कायम राहिली, तर पॅरिस करारानुसार तो जुन्याच चिन्हाचा वापर मानला जातो. मात्र बगळ्याची मान वळवली, वर्तुळ काढून टाकले, नाव चित्राच्या आत नेले, असे बदल साठत गेले, तर बाजारातले चिन्ह आणि नोंदवहीतले चिन्ह यांत अंतर पडते, आणि नोंदणीत मोठा बदल करण्याची मुभा सहसा नसते. असा बदल करायचा असेल, तर नव्या रूपाचा शोध व अर्ज आधी करावा आणि त्याची नोंदणी होईपर्यंत जुन्या चिन्हाचा वापर काही वेष्टनांवर तरी चालू ठेवावा.