पाळकांनी होकार दिला, पण तिला विचारलं होतं का?

गेल्या दोन महिन्यांत चार तरुणांचे फोन आले. प्रश्न एकच: सेमिनरी (पाळक, म्हणजे पास्टर, घडवणारं विद्यालय) संपत आली, छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी, म्हणजे चर्चसाठी, आंतरराष्ट्रीय पातळीवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू? प्रत्येकाशी तासभर तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते. या कामात मला अकरा वर्षं झाली. घटनांच्या नोंदी घ्यायच्या, पडताळायच्या, देशपातळीवर पाठवायच्या आणि तिथून त्या बाहेरच्या भागीदारांकडे जातात, एवढंच माझं काम. बराचसा वेळ फोनवर, एसटीत, पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर आणि रात्री एक्सेलच्या शीटपुढे जातो. व्यासपीठ हवं असेल तर इथे येऊ नका, हे आधीच सांगते.

संस्थांची नावं ऐकून सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात. वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्सचं मूळ १८४६ साली लंडनमध्ये झालेल्या सभेत आहे, आजच्या स्वरूपाची सुरुवात १९५१ मध्ये नेदरलँड्समध्ये झाली. आपली इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडियाही १९५१ चीच. इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्तावादी प्रोटेस्टंट, मंडळ्यांच्या देशोदेशीच्या अशा फेलोशिपांचं जाळं म्हणजे अलायन्स. लोझान ही सुवार्ताप्रसाराची चळवळ आहे, तिथे मंडळ्या सभासद होत नाहीत. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जो करारनामा झाला, त्याचं तेरावं कलम स्वातंत्र्य आणि छळ याविषयी आहे. ते मुळातून वाचा. ओपन डोअर्स दर जानेवारीला ख्रिस्ती लोकांचा सर्वात जास्त छळ होतो अशा ५० देशांची यादी काढते, ती संस्था वेगळी. नोव्हेंबरातला छळग्रस्त मंडळीसाठीचा प्रार्थनेचा रविवार १९९६ पासून जगभर पाळतात, तो तुमच्या मंडळीतही पाळत असतील.

हे सगळे एकत्र का येतात, ते मला जिनिव्हाच्या निवेदनावर काम करताना कळलं. संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवी हक्क परिषदेत प्रत्येक देशाचा ठराविक काळाने आढावा होतो. भारताचा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला. त्यासाठी एकट्या संस्थेला २,८१५ शब्दांचं निवेदन देता येतं, अनेकांनी मिळून दिलं तर ५,६३० शब्दांचं. म्हणजे शेकडो घटनांमधून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठेवायच्या आणि बाकीच्या सोडायच्या. कुठली ठेवायची यावर तीन-तीन रात्री झूमवर वाद होतात, आणि टिकतात त्याच घटना ज्यांच्यामागे कागद असतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, हे गावातल्या बहुतेक लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही नवे असाल तर निदान हे सांगण्यापासून सुरुवात करा. एवढ्यानेही फार मोठं काम होतं.

आता माझी चूक सांगते. लांबण लागेल, पण वाचा.

माझं तिसरं वर्ष होतं. मध्य भारतातल्या एका जिल्ह्यात घरातल्या प्रार्थनासभेवर जमाव चालून आला. दार मोडलं, तिघांना मारहाण झाली. त्यांतली एक चाळिशीची विधवा बाई. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. दवाखान्याचं बिल राहिलं होतं, ते मी भरलं. वीस-पंचवीस मिनिटांनी पाळकांनी तिला अंगणात बोलावलं, म्हणाले, "दीदी फोटो काढणार आहेत." मी विचारलं, "चालेल ना?" उत्तर पाळकांनी दिलं, "चालेल, चालेल, जगभरचे विश्वासणारे प्रार्थना करतील." बाई काही बोलली नाही. पदर सारखा केला आणि उभी राहिली. तिचं ते गप्प राहणं मी होकारात धरलं.

रिपोर्टमध्ये मी गावाचं नाव घातलं नाही, तिचंही नाही. फोटोत चेहरा धूसर केला. सगळी काळजी घेतली असं मला मनापासून वाटत होतं. पण तिच्या मागे निळी पाण्याची टाकी होती आणि टाकीवर ग्रामपंचायतीचं अर्धं नाव. ते अर्धं नसतं तरी काय? त्या गावात उजव्या हाताला प्लास्टर असलेली विधवा एकच होती. रिपोर्ट राज्याकडे गेला, तिथून दिल्लीला, तिथून दोन परदेशी भागीदारांकडे. एकाच्या प्रार्थनापत्रात तो छापून आला, त्याची भाषांतरं झाली, कुणीतरी भारतातल्याच एका शहरातून फोटोसकट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. सव्वीस दिवसांनी तो तिच्या दिराच्या फोनवर होता.

तिच्या बाजूने उभा राहिलेला गावातला एकमेव माणूस म्हणजे हा दीर. तो ख्रिस्ती नव्हता. त्यानेच तिला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं होतं, पंचांसमोर "माझी भावजय आहे, हात लावायचा नाही" म्हणाला होता. फोटो पाहिल्यावर त्याच्या घरात एकच बोलणं सुरू झालं: हिने परदेशात आपली नाचक्की केली, पैसेही घेतले असतील. दवाखान्याचं बिल तर खरंच बाहेरच्या माणसाने, म्हणजे मी, भरलेलं होतं. त्याने तिच्यावरचा हात काढून घेतला. मुलीची नववी अर्धी सोडवून तिला मावशीकडे, दुसऱ्या तालुक्यात जावं लागलं. रेशनकार्ड दिराच्या घरात राहिलं. जमावाला जे जमलं नाही ते माझ्या रिपोर्टने केलं. हे वाक्य मी आठ वर्षांत अनेकदा मनाशी बोलले आहे, मवाळ करून सांगता येत नाही.

म्हणून नव्या माणसांना मी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगते. पाळकांचा होकार हा त्या व्यक्तीचा होकार धरू नका. पाळक तळमळीने बोलत असतात, पण दुसऱ्या दिवशी गावात राहायचं असतं ते तिला. तिला एकटीला विचारा, सोबत हवी तर एखादी बाई असू दे. तिच्या बोलीत विचारा. पहिल्या दिवशी विचारूच नका. मार खाल्लेला माणूस पहिल्या दिवशी कशालाही हो म्हणतो. आणि एकच "चालेल ना" पुरत नाही. प्रार्थनेत तोंडी सांगायला हरकत नसेल, लिहायला असू शकेल. वकिलाला द्यायला तयार असेल, छापायला नसेल. फोटोचं वेगळं, परदेशात पाठवण्याचं वेगळं. हे सगळं सुटं सुटं विचारायचं असतं, आणि काय होऊ शकतं ते तिच्या घरापर्यंत आणून सांगायचं. "तुमची माहिती सार्वजनिक होऊ शकते" या वाक्याने कुणालाच काही कळत नाही. मी आता विचारते, "हा फोटो महिन्याभरात तुमच्या दिराच्या फोनवर आला तर?" लोक थांबतात, विचार करतात, आणि बरेच जण नको म्हणतात. एकदा बाहेर गेलेलं परत बोलावता येत नाही, हेही सांगून टाका.

याहून महत्त्वाचं: मदत आणि नोंद एका हाताने करू नका. मी आधी बिल भरलं आणि मग फोटो मागितला. ती नाही कशी म्हणणार होती? आता आमच्याकडे पैशांचं बघणारा माणूस वेगळा असतो, आणि नोंद घेताना मी पहिलंच वाक्य बोलते की तुम्ही आज काहीच सांगितलं नाही तरी औषधपाणी थांबणार नाही. हे ऐकल्यावर खांदे सैल झालेले मी पाहिले आहेत. आणखी एक, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर त्यात जागेची माहिती तशीच राहू शकते. ती आधी काढा.

याचा अर्थ सगळंच झाकून ठेवा असा नाही. तुरुंगात पडलेल्या कुणाकुणाला आपलं नाव जगाला कळायला हवं असतं, कारण नाव माहीत असलेल्या माणसाला गायब करणं अवघड जातं. काही कुटुंबं स्वतःहून पुढे येतात. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला जाळली गेली, त्यानंतर त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमेचे शब्द उघडपणे बोलून दाखवले आणि ते जगभर पोचले. ते बोलायचं की नाही, हा निर्णय त्यांचा होता.

खोट्या बातम्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपल्याच मंडळ्यांमधून त्या सर्वात जास्त पसरतात. अफगाणिस्तानात २२ मिशनऱ्यांना उद्या मारणार आहेत, दहा जणांना पाठवा, असा संदेश तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या मागे एक खरी घटना असावी: २००७ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या एका मंडळीच्या २३ जणांना तालिबानने पकडलं, दोघांना मारलं, उरलेले ऑगस्टअखेरपर्यंत सुटले. ती माणसं घरी पोचल्यानंतर कितीतरी वर्षं हा संदेश फिरतच होता. लोक कळवळ्याने पाठवतात, मला त्यांचा राग येत नाही. पण तुम्ही या कामात आलात की कळवळ्याआधी तारीख, ठिकाण आणि तिथला एक माणूस विचारायचा. एकच घटना तीन संस्थांनी तीन तारखांना कळवली की तीन घटना होतात, आणि अशी एक चूक सापडली की उरलेल्या सत्याण्णव खऱ्या नोंदींवर कुणी विश्वास ठेवत नाही.

घरातलं प्रत्येक दुःख छळ म्हणून लिहायचाही मोह होतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी, १९०० साली झाला. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून रडणारी बायको, मुलगा दुरावला म्हणून अबोला धरणारी आई, यांना "छळ करणारे" या रकान्यात टाकू नका. धमकी, मारहाण, कोंडून ठेवणं असेल तर लिहा. रडणं लिहू नका.

शॉर्टकटविषयी माझी मतं कडक आहेत. परदेशी परिषदांची आमंत्रणं मिळवत फिरणारे आणि एकदाही कोर्टाच्या तारखेला न गेलेले तरुण मी पाहते, त्यांची काळजी वाटते. मार्गदर्शक निवडताना त्याचं भाषण ऐकू नका. रात्री अकराला गावाकडून फोन आला तर तो उचलतो का, आणि "मला माहीत नाही, उद्या विचारून सांगतो" असं म्हणतो का, ते बघा. माझ्या चुकीनंतर मी दिल्लीला माफीचं मोठं पत्र लिहायला घेतलं होतं. ज्या वयस्कर बाईंच्या हाताखाली मी शिकले त्या म्हणाल्या, "पत्र नंतर. आधी तिच्याकडे जा, बस पकड." काम सोडायचं माझं ठरलं होतं, त्या एका वाक्यामुळे राहिले. तुमच्या हातूनही चूक होईल, आणि त्यानंतरही तुमची गरज असेल, हे लक्षात असू द्या.

पैशांचे नियम पाठ करा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, आलेला परदेशी पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत लागतो, आणि रक्कम स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठराविक शाखेतच यावी लागते. परदेशी पाहुणे पर्यटक व्हिसावर येऊन प्रचार करू शकत नाहीत. "थोडं चालतं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, पोलीस दारात येतात ते यजमान मंडळीच्या. १९१० मध्ये एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत भारतीय ख्रिस्ती पुढारी व्ही. एस. अझरायांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही सर्वस्व दिलंत, पण आम्हाला मित्र हवेत. परदेशी भागीदाराने घाईघाईने फोटो मागितला की मला तेच आठवतं. खरा मित्र असेल तर "थांबा, तिला विचारून सांगते" एवढ्याने तो दुखावत नाही. बहुतेक जण नाहीतच दुखावत. मीच उगाच घाबरत होते.

आपले हातही तपासायला हवेत. २०११ मध्ये वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकन आणि अलायन्स यांनी मिळून साक्ष कशी द्यावी, म्हणजे आपला विश्वास इतरांना कसा सांगावा, याबद्दल एक दस्तऐवज काढला. आमिष, फसवणूक आणि जबरदस्ती त्यात साफ नाकारली आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात अल्बानियाच्या तिरानामध्ये ५६ देशांतले १४५ जण छळाबद्दल बोलायला जमले, तेव्हा निघालेल्या संदेशात ख्रिस्ती लोकांनी एकमेकांचा आणि इतर धर्मीयांचा छळ केल्याबद्दल पश्चात्तापही व्यक्त झाला. अल्बानियाने १९६७ मध्ये सगळ्या धर्मांवरच बंदी घातली होती, म्हणून ते ठिकाण. हे दोन्ही दस्तऐवज वाचल्याशिवाय कुणाचीही मुलाखत घ्यायला जाऊ नका, असं मी प्रशिक्षणात सांगते.

तिला मी नंतर भेटत राहिले. पहिल्या दोन खेपांना ती फारसं बोलली नाही, चहा दिला. मुलीने पुढे बाहेरून दहावी केली. गेल्या वर्षी गेले तेव्हा माझ्याकडे कोरियातल्या एका मंडळीचं पत्र होतं, "भारतातल्या आमच्या बहिणीला" असं लिहिलेलं, आमच्या कार्यालयात कित्येक महिने पडून राहिलेलं. देऊ का, असं मी आधी फोनवर विचारलं होतं. तिने दोन दिवसांनी हो कळवलं. मी ते तिला हिंदीत वाचून दाखवलं. तिने विचारलं, "इसमें मेरा नाम तो नहीं है ना, दीदी?" मी कागद उलटसुलट करून दाखवला. मग तिने तो घेतला, दोन घड्या घातल्या आणि आपल्या नव्या करारात ठेवून दिला.