बर्फाचा कारखाना सगळ्यांचा, मग कॉम्प्रेसर कोणाचा? सहकारी संस्थांनो, या चुका टाळा

आमच्या बंदरावरच्या मच्छीमार संस्थेच्या सभेत नव्या कॉम्प्रेसरचा विषय निघाला की मागून एक जुने तांडेल (होडीचे प्रमुख खलाशी) हमखास विचारायचे, "ह्येचो फायदो माका कधी?" वय सत्तरीचं, होडी नातवाच्या हाती. हसू नका, प्रश्न बरोबर आहे. 100 रुपयांचा शेअर 40 वर्षांनी परत केला तरी हातात 100 च पडतात. मधल्या काळात उभ्या राहिलेल्या कारखान्यात वाटा शून्य.

यावर "संस्थेचं हित बघा" असं सुनावणं ही पहिली चूक. त्यापेक्षा मासळीच्या विक्रीतून क्रेटमागे ठरावीक कपात करा, ती सभासदाच्या नावे वहीत चढवा आणि काही वर्षांनी जुनी रक्कम आधी या क्रमाने परत द्या. जास्त माल घालणाऱ्याचं भांडवल जास्त, मत मात्र सगळ्यांचं एकच. हे पोटनियमात बसवून घ्या. तोंडी ठरलेलं पुढच्या निवडणुकीत वाहून जातं.

सगळ्यात महागात पडते ती घसाऱ्याची, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी हिशोबात धरलेल्या रकमेची चूक. ताळेबंदात घसारा दिसतो, म्हणून सगळे निर्धास्त. त्याची रोकड कुठे आहे, विचारून बघा. आमची सभासदांच्या उचलीत गेली होती: जाळी, इंजिन, गणपती. मग ऐन मे महिन्यात बर्फयंत्राच्या कंडेन्सरच्या नळ्या गंजून फुटल्या, आतल्या अमोनियाचा वास जेटीपर्यंत आला आणि बर्फाच्या लाद्या शेजारच्या बंदरातून टेम्पोने आणाव्या लागल्या. वाटेत निम्मं पाणी. घसाऱ्याएवढी रक्कम दरवर्षी वेगळ्या मुदत ठेवीत टाका, तीही जुन्या बिलावरून नाही, आजच्या कोटेशनवरून काढून. आणि खाऱ्या वाऱ्यातल्या यंत्राचं आयुष्य घाटावरच्या यंत्राएवढं धरू नका.

लाभांशाचं थोडक्यात: कायद्याने निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, लाभांशाला साधारण 15 टक्क्यांची मर्यादा आहे. निवडणुकीच्या वर्षी पॅनेलवाले मर्यादेलाच दर समजतात.

कर्ज घेताना महिन्याचे समान हप्ते मान्य करू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा हप्ता भरायचा कशातून? सुरुवातीलाच हंगामी हप्ते मागा.

कपातीची वही सुरू झाली तेव्हा त्याच तांडेलांनी नातवाच्या होडीचं पान उघडायला लावलं आणि चार रुपये कमी लिहिले म्हणून सेक्रेटरीला अर्धा तास धारेवर धरलं.