खोदकामाला निघण्यापूर्वी

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की पोरापोरींचे फोन सुरू होतात. कुणाची पहिलीच उत्खननाची मोहीम असते, कुणी पुण्याला डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला लागलेलं असतं. प्रश्न एकच, "दादा, काय काय घेऊन जाऊ?"

नेण्याआधी ठेवण्याचं सांगतो. नदीकाठी, गडावर उचललेली खापरं खिशात घालायची सवय इथेच सोडून जा. मी कॉलेजात असताना पूर ओसरल्यावर पंचगंगेच्या काठाला एक काळं-तांबडं खापर मिळालं होतं, चकाकी अजून शाबूत. दोन वर्षं जपलं आणि मोठ्या ऐटीत सरांपुढे ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, तुटक्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुठलं?" म्हटलं, "नदीकाठचं." ते म्हणाले, "नदी केवढी आहे रे?" पुढे बोलणंच झालं नाही.

म्हणून पिशवीत सगळ्यात आधी वही. पुठ्ठ्याच्या बांधणीची, एका बाजूला चौकटीचा कागद असलेली. सोबत पेन्सिली, कारण घामाने आणि दवाने शाई फुटते. वस्तू उचलायच्या आधी लिहायचं: तारीख, चर कुठला, थर कितवा, खोली किती, मातीचा रंग कसा, शेजारी काय होतं. तोच मजकूर दोन चिठ्ठ्यांवर, एक पिशवीच्या आत आणि एक बाहेर बांधलेली. खापरं धुऊन सावलीत वाळवतात, धातूला मात्र पाणी लावायचं नाही. कोळशाचा तुकडा काळमापनासाठी लागणार असेल तर हातही लावायचा नाही, तो थापीनेच उचलून फॉइलमध्ये घालायचा. घरी आठवडाभर सराव करा. गल्लीतल्या जुन्या वाड्याची एक दगडी भिंत घ्या आणि एकास वीस या मापाने काढा. पहिलं चित्र वाईटच येतं, येऊ दे.

अवजारांचं फार मनावर घेऊ नका, साइटवर असतात. तरी स्वतःची एक छोटी टोकदार थापी असावी. पातं आणि दांडी एकाच लोखंडाची बघून घ्या, जोड दिलेली थापी पहिल्याच आठवड्यात मानेत मोडते. दोन इंची ब्रश, ओळंबा, पाच मीटरचा टेप, सुतळी, टोपी, पूर्ण बाह्यांचे शर्ट. आणि पायात बूट. कोल्हापुरी पायताणाचा अभिमान मलाही आहे, पण चराच्या कडेवर ते घसरलं की दोन हजार वर्षांचे थर तुमच्याबरोबर खाली येतात.

आता अभ्यासाचं. आपल्याकडची पोरं हडप्पा पाठ करून जातात आणि ब्रह्मपुरीचं नाव काढलं की गप्प बसतात. कोल्हापुरातलंच टेकाड, पंचगंगेच्या काठाला. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं, अहवाल १९५२ साली छापून आला. त्याच टेकाडातून सातवाहन काळातल्या वस्तूंबरोबर वीतभरही नसलेली काशाची मूर्ती निघाली, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची. समुद्र घाटाखाली, आणि देव इथे कसा आला, या एका प्रश्नावर रोमन व्यापार, बंदरं, घाटवाटा सगळं वाचून होतं. टाऊन हॉल म्युझियममध्ये एक अख्खा दिवस घालवा. खिद्रापूरलाही जा, पण कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात सेल्फी काढून परत येऊ नका. एक खांब निवडा, तळापासून माथ्यापर्यंत बघा आणि लिहून काढा.

लिपी एक तरी हवीच. मोडी शिकलात तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आयुष्यभर पुरेल एवढे कागद आहेत. इथल्या शिलाहार राजांचे शिलालेख वाचायचे तर कानडीशिवाय गत्यंतर नाही. पावसाळ्यात खोदकाम बंदच असतं, तेव्हा हेच करायचं.

कायदाही थोडा माहीत असू द्या, कारण गावात गेल्यावर लोक मूर्तींबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त विचारतात. केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये आधी परवानगी घ्यायची, ही तरतूद १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आली. पन्हाळ्यावर तर गडातच गाव नांदतं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारशात गेला, तेव्हा तिथल्या माणसाच्या मनात आनंदाबरोबर धाकधूकही असणार. त्याला कायद्याचा धाक घालू नका, आधी त्याचा चहा घ्या.

ज्यांना जुन्या वास्तूंच्या जतनाकडे जायचंय त्यांनी चुना हाताने ओळखायला शिकावं. जांभ्याला सिमेंट लावलं की आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार मागे साठतात आणि चांगला दगड पापुद्रे टाकू लागतो. आठ दिवस चुन्याचं काम करणाऱ्या जुन्या गवंड्याच्या हाताखाली घालवा. चुना किती दिवस मुरवायचा, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर कधी घालायचा, हे तोच दाखवेल. गूळ तर आपल्याच मार्केट यार्डातला. पेठेत एखादा वाडा पाडत असतील तर त्याच्या सांध्यावर नख ओढून बघा, चुन्याची पांढरी भुकटी नखात येते. हा प्रयोग देवळावर करू नका म्हणजे झालं.

नोकरीचं घरी आधीच सांगून ठेवा. केंद्रीय पुरातत्त्व खात्यातली वरची पदं यूपीएससीतून भरतात, जागा थोड्या असतात, मधली बरीच कामं कंत्राटी. एम.ए.नंतर खात्याच्याच ग्रेटर नोएडातल्या संस्थेत पुरातत्त्वाचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे, तिकडेही अर्ज टाका. रसायनशास्त्रवाल्यांनी स्वतःला परकं समजू नये, खात्याची विज्ञान शाखा त्यांच्यावरच चालते.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन निघा. चार्जर दोन घ्या, वीज बहुतेक एकाच तंबूत असते आणि तिथे आधीच सरांचा लॅपटॉप लावलेला असतो.